तीनदा वाजवलेला चुकीचा सूर

दादा गेला तेव्हा तीन वर्तमानपत्रांनी त्याचा एकच फोटो छापला. सॅक्सोफोन तोंडाला, डोळे मिटलेले, गळ्यात मंत्र्याचा टाय. एकाने लिहिलं, ते जसे वाजवत तसाच कारभार करत, मनमोकळा. लिहिणाऱ्याने ना त्याचं वाजवणं ऐकलं असणार, ना त्याचा कारभार पाहिला असणार. दुसऱ्याने सॅक्सोफोनला क्लॅरिनेट म्हटलं. तिसऱ्याने पुलाबद्दल एकच ओळ लिहिली आणि तीही चुकीची. सत्तरी उलटल्यावर राग जपून वापरावा, असं डॉक्टरांनी मला बजावलं आहे. पण या कामासाठी मी थोडा राग बाजूला काढून ठेवला होता.

मी त्याची धाकटी बहीण. एकतीस वर्षं त्याच्या बँडमध्ये पियानो वाजवला, त्यातली आठ वर्षं तो प्रांताचा बांधकाममंत्री होता. त्याच्या पाठीमागे बसून मी त्याला जितकं पाहिलं तितकं वहिनीनेही पाहिलेलं नाही, आणि हे तीच कबूल करायची.

आमचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत ओल्या पाट्या भिंतीला टेकवलेल्या असत, त्यांना धक्का लागला की पाठीत धपाटा बसे. दादा वाचायला शिकला तो ‘प्रवेश बंद’ या पाटीवरून, आणि पुढे जन्मभर नको तिथे शिरत राहिला. तो चौदा वर्षांचा असताना मामा कायमचा आमच्याकडे राहायला आला. मामा जहाजावरच्या बँडमध्ये होता. गुडघे गेले, जहाज सुटलं, हातात एक सॅक्सोफोन उरला. त्या सॅक्सोफोनच्या तोंडापाशी मुठीएवढा पोचा होता. तो कशाने पडला हे मामा दर वेळी वेगळं सांगायचा.

मामाने दादाला जॅझ शिकवलं. आईला ते घरातलं भांडण वाटायचं. मामा म्हणायचा, आधी गाणं नीट पाठ करायचं, मग ते सोडून फिरायला जायचं, फक्त घर कुठे आहे ते विसरायचं नाही. एवढंच शिक्षण. मी शाळेच्या सभागृहातल्या पियानोवर बसायचे. त्याच्या दोन पट्ट्या मुक्या होत्या, त्यामुळे तिथे आलं की मी तो सूर तोंडाने म्हणायचे.

दादा सतरा वर्षांचा असताना त्या सभागृहात त्याने पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं. तिसऱ्या मिनिटाला एक सूर सपशेल चुकला. तो थांबला. सभागृहात हशा पिकला. त्याने सॅक्सोफोन खुर्चीवर ठेवला, दारातून निघून गेला, आणि चार महिने त्याला हात लावला नाही. कुणी समजवायला गेलं की खाली मान घालून बुटांचे बंद सोडायचा आणि बांधायचा.

मी तेरा वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. मी त्याला म्हटलं, “तू थांबलास म्हणून हसले. चुकलास म्हणून नाही. चुकीचा सूर लागला ना, तर तोच परत वाजव, आणखी जोरात. तिसऱ्यांदा वाजवलास की लोकांना वाटेल तुला तोच हवा होता.”

मामा हसून हसून लाल झाला. म्हणाला, जहाजावरचे जुने वाजवणारे हेच करायचे, पोरीला ते आपोआप सुचलं. मला कोण आनंद झाला होता. नंतरच्या आयुष्यात मी बरीच वाक्यं परत घेतली आहेत, नवऱ्याला बोललेली तर डझनाने. परत घ्यायला हवं होतं ते हेच.

दादाने पुन्हा वाजवायला घेतलं आणि तो फार चांगला वाजवू लागला. चुकायचा, पण कुणाला पत्ता लागायचा नाही. चुकलेला सूर दुसऱ्यांदा वाजवायचा, तिसऱ्यांदा वाजवायचा, मग त्याला हळूहळू वळवून असा घरी आणायचा की लोक त्याच जागेला टाळ्या द्यायचे. फक्त एक गोष्ट त्याला लपवता यायची नाही. वाजवताना त्याचा उजवा पाय ताल धरायचा. सूर चुकला की टाच वरच राहायची, खाली यायचीच नाही, सावरून होईपर्यंत. हे समोर बसलेल्यांना दिसत नसे. मला दिसे. टाच वर राहिली की मी पियानोवरचा हात हलका करायचे आणि त्याला वाट द्यायचे. एकतीस वर्षांत हे आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही.

राजकारणात तो गेला तोही वाजवतच. पाण्याच्या प्रश्नावर सभा होती, उमेदवार यायला उशीर झाला, लोक उठू लागले, तेव्हा कुणीतरी दादाला लॉरीवर चढवलं. अर्धा तास त्याने माणसं थोपवून धरली. उमेदवार आलाच नाही. लोक म्हणाले, मग तूच बोल. त्याने बोलायला सुरुवात केली आणि पाच वर्षांत नगरपालिकेत आणि बारा वर्षांत प्रांतिक विधिमंडळात जाऊन बसला. बोलताना हातात कागद नसायचा. पण ऐकायचा छान. बैठकीत सगळ्यांना आपापली पाळी द्यायचा, मध्ये तोंड घालायचा नाही, आणि मग शेवटी सगळ्यांच्या बोलण्यातलं थोडं थोडं उचलून असं काही मांडायचा की जो तो म्हणे, हे तर माझंच. गटारं, रस्ते, दोन शाळांची छपरं अशी बरीच कामं त्याने याच पद्धतीने करून घेतली. तो वाईट मंत्री नव्हता. हे मी बहीण म्हणून सांगत नाही. बहीण म्हणून मला दुसरंच सांगायचं आहे.

विरोधक त्याला ‘वाजंत्री’ म्हणायचे. एकदा विधिमंडळात कुणी म्हणालं, आता वाजंत्र्यांनी उत्तर द्यावं. दादा उठून म्हणाला, वाजंत्री निदान ठरलेल्या वेळी येतात, आपण आज चाळीस मिनिटं उशिरा आलात. विरोधकही हसले.

मंत्री झाल्यावरही रविवारची तालीम चुकली नाही. ड्रम वाजवणारा दातांचा डॉक्टर होता. रविवारी दवाखाना बंद, म्हणून त्याच्याच प्रतीक्षालयात आम्ही जमायचो. खुर्च्या भिंतीला सरकवायच्या, दातांच्या चित्रांखाली बसायचं, आणि डॉक्टरांच्या सासूबाईंचा पियानो वाजवायचा. दादाच्या खात्यातला एक कारकूनही कधीकधी सहीसाठी कागद घेऊन यायचा. त्याला सगळे ‘टाचणी’ म्हणायचे, कारण त्याच्या कॉलरच्या आतल्या बाजूला कायम पाच-सहा टाचण्या खोचलेल्या असत. विधिमंडळात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं टाइप होऊन आली की ती क्रमाने लावायची, उजव्या कोपऱ्यात लाल शाईने आकडा घालायचा आणि टाचणी मारायची, हे त्याचं काम. सव्वीस वर्षं. आमचं वाजवणं त्याला मुळीच आवडायचं नाही. एकदा मी विचारलं तर संकोचून म्हणाला, “बाई, यात पानं क्रमाने लावल्यासारखी वाटत नाहीत.”

आता पुलाचं सांगते.

आमच्या नदीवर दोन पूल होते. वरचा नवा. खालचा जुना, अरुंद. खालच्या पुलावरून खोक्यांच्या कारखान्यातल्या बाया चालत कामाला जायच्या आणि मालाच्या लॉऱ्याही जायच्या. त्या अधिवेशनात दोन्ही पुलांबद्दल प्रश्न आले होते. उत्तरं तयार होती. वरच्या पुलाचं उत्तर होतं, पाहणी झाली, धोका नाही. खालच्याचं होतं, तिसऱ्या खांबाला तडे आहेत, दुरुस्तीसाठी पूल पुढच्या आठवड्यापासून बंद ठेवण्यात येईल. टाचणीने दोन्ही लाल आकडे घालून लावून दिली होती.

त्या दिवशी अध्यक्षांनी ऐन वेळी प्रश्नांचा क्रम बदलला. नववा, खालच्या पुलाचा, प्रश्न आधी घेतला. दादाने गठ्ठ्यातून स्वतःच्या हाताने कागद ओढला, उभा राहिला आणि वाचला. पाहणी झाली आहे, पूल मजबूत आहे, कसलाही धोका नाही.

मी समोरच्या, प्रेक्षकांच्या सज्जात बसले होते. कामकाज संपलं की दादाच्या गाडीतून वहिनीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, म्हणून आले होते. पलीकडच्या तीरावरची आमदार, व्यवसायाने शाळामास्तरीण, उठून म्हणाली, मंत्रिमहोदय खालच्या पुलाबद्दलच बोलत आहेत ना? दादाने खाली कागदाकडे पाहिलं. मंत्र्यांच्या बाकाला समोरून फळी नव्हती. त्याची उजवी टाच वर गेली आणि वरच राहिली.

मग त्याने मान वर केली. म्हणाला, होय, खालचाच पूल. खालचा पूल मजबूत आहे. बाईंना ऐकू गेलं नसेल तर तिसऱ्यांदा सांगतो, खालचा पूल मजबूत आहे. असा ठेक्यात म्हणाला की त्याच्या बाजूच्यांनी बाकं वाजवली. मास्तरीण खाली बसली. टाच हळूच जमिनीला टेकली.

गाडीत मी विचारलं, काय चुकलं रे? तो म्हणाला, “कागद चुकला. सावरलं. दोन दिवसांत बघतो.” आणि मी हसले. ही गोष्ट मी चौकशीत सांगितली नाही, कारण मला कुणी विचारलं नाही. इथे सांगते आहे. मी हसले, आणि वहिनीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले.

दोन दिवसांत त्याने काही केलं नाही असं नाही. चुकलेला सूर हळूहळू वळवून घरी आणायचा, हीच त्याची पद्धत. सभागृहात तीनदा सांगितलेलं लगेच फिरवलं तर नाक कापलं जाईल, म्हणून अधिवेशन संपल्यावर पूल बंद करायचा असं त्याने मनाशी ठरवलं. तोवर लॉऱ्या अडवायला पुलाच्या तोंडाशी एक पहारेकरी उभा केला. खात्यातल्या अभियंत्यांना वाटलं, मंत्र्यांकडे काही नवी माहिती आली असेल, नाहीतर ते इतक्या ठामपणे कसं बोलले असते? ते मूग गिळून बसले.

अधिवेशन संपायला दोन दिवस उरले होते. दुपारी पहारेकरी जेवायला गेला. रिकाम्या बाटल्यांची एक लॉरी पुलावर चढली आणि तिसरा खांब खचला. लॉरीचा चालक गेला. कारखान्यातून घरी निघालेली एक बाई गेली. ती तिशीतली होती, आणि तिची चप्पल दोन दिवस कठड्याच्या तुटक्या गजाला अडकून लोंबत होती, कारण तिथवर कुणाला जाता येत नव्हतं. मी ती नदीकाठावरून पाहिली. इतर काहीही विसरले तरी ती चप्पल विसरत नाही.

चौकशीसाठी एका निवृत्त न्यायाधीशांना नेमलं. दादाने लेखी सांगितलं, मला दिलेला कागद मी वाचला. अक्षर न् अक्षर खरं. खात्याने खापर टाचणीवर फोडलं. कागद चुकीच्या क्रमाने लावले होते, म्हणे. त्या गठ्ठ्याला नंतर इतक्यांचे हात लागले होते की मूळ क्रम कुणालाच सांगता येईना. टाचणीला घरी बसवलं. दादाच्या बाजूने हेही सांगण्यात आलं की मंत्र्यांनी काळजीपोटी पहारेकरीसुद्धा ठेवला होता. मजबूत पुलावर पहारेकरी कशाला, हे एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांत एकानेही विचारलं नाही.

मी टाचणीच्या घरी गेले. का गेले, सांगता येणार नाही. बहुधा तो मला वाईट बोलेल, म्हणजे मला बरं वाटेल, अशी आशा असावी. त्याच्या बायकोने दार उघडलं आणि आत नेलं. तो जेवणाच्या टेबलाशी बसला होता. समोर कोरे कागद, कोपऱ्यात लाल आकडे. तो ते मिसळायचा, क्रमाने लावायचा, टाचणी मारायचा, काढायचा, परत मिसळायचा. बायको म्हणाली, रोज सकाळी बसतात, हात तपासून बघतात. त्याने मला चहा विचारला. दादाची तब्येत कशी आहे तेही विचारलं. मी चहा घेतला नाही.

पुढच्या रविवारी मी तालमीला तासभर आधी गेले. दादा तसाच आधी येऊन बसायचा हे मला माहीत होतं. तो दाताच्या चित्राखालच्या खुर्चीत सॅक्सोफोन पुसत बसला होता. मी पियानोचं झाकण उघडलं नाही.

“तुझी टाच वर राहिली होती,” मी म्हटलं. “मी सज्जातून पाहिलं.”

तो पुसत राहिला. मग म्हणाला, कागदाकडे पाहिलं तेव्हाच कळलं. मी म्हटलं, मग तिथेच सांगायचं होतंस. तो म्हणाला, “माझ्या तोंडून ते निघतच नाही गं. बाकी सगळं निघतं. ‘चुकलं’ एवढंच निघत नाही. तूच तर शिकवलंस.”

हे तो टोमणा म्हणून बोलला नाही. टोमणा असता तर मी दसपट परत केला असता, त्यात मी तयार आहे. तो नुसतं सांगत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही मला राग आला. मी टाचणीच्या टेबलावरचे कोरे कागद सांगितले. त्याचा पुसणारा हात थांबला. टाचणीची नोकरी परत मिळवून देईन, दुसऱ्या खात्यात लावीन, असं तो म्हणू लागला. मी म्हटलं, दादा, हेही वळवून घरी आणणंच झालं. तेवढ्यात डॉक्टर आले, दोन्ही हातांत झांजा घेऊन, आणि आम्ही वाजवायला बसलो. त्या दिवशी आम्ही फार वाईट वाजवलं.

चौकशी जुन्या कचेरीच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत चालायची. लांब टेबल, पाण्याचे पेले, खिडकीत वाळलेल्या माश्या. लोकांसाठी चार बाकं होती. पहिल्या बाकावर मेलेल्या बाईची आई आणि लॉरीवाल्याचा भाऊ असे बसायचे, एकमेकांशी न बोलता. मी चौथ्यावर.

त्या दिवशी आधी टाचणीला बोलावलं. इस्त्रीचा सदरा, आणि कॉलरला एकही टाचणी नाही. न्यायाधीशांनी विचारलं, कागद तुम्ही क्रमाने लावले होते का? तो म्हणाला, “साहेब, पहिल्यांदा मी हो म्हणून लिहून दिलं होतं. आता मला माझ्या हातांची खात्री वाटत नाही. दोन माणसं गेली आहेत, म्हणजे कुणाचं तरी चुकलंच असणार. माझंच असेल.” असं म्हणून त्याने हात टेबलावर पालथे ठेवले, कुणी तपासायला मागितल्यासारखे. ज्याची चूक नव्हती तो माणूस ती उचलून घेत होता. बाईची आई त्याच्याकडे एकटक बघत होती.

मग दादाला बोलावलं. तो बसला, टायची गाठ सरळ केली. न्यायाधीश म्हणाले, कागद वाचताना तो दुसऱ्या पुलाचा आहे हे आपल्या लक्षात आलं होतं का?

दादा म्हणाला, “मला दिलेला कागद मी वाचला.”

टेबलाखाली टाच वर गेली.

न्यायाधीश म्हणाले, तो माझा प्रश्न नाही. लक्षात आलं होतं का?

“मी पुन्हा सांगतो,” दादा म्हणाला, जरा मोठ्याने. “मला दिलेला कागद मी वाचला.”

टाच वरच होती. आता तिसऱ्यांदा येणार, हे त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं. तिसऱ्यांदा म्हणून झालं की ते कायमचं खरं होणार आणि टाचणी आयुष्यभर टेबलाशी बसून कागद लावणार. एकतीस वर्षं अशा वेळी मी हात हलका करून दादाला वाट दिली होती. मी उठून उभी राहिले. बाक करकरलं. सगळ्यांनी मागे पाहिलं, दादानेही. बोलायचा मला हक्कच नव्हता तिथे. मी फक्त मान हलवली. नको.

लघुलेखक पेन्सिल धरून थांबला होता. दादा माझ्याकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा शाळेच्या सभागृहातल्या त्या सतरा वर्षांच्या मुलासारखा झाला होता. मला वाटलं, हा उठून दारातून निघून जाईल.

“थांबा,” तो म्हणाला. “चुकलं. पहिल्यापासून सांगतो.”

त्याने सगळं सांगितलं. कागद स्वतः ओढल्याचं, लक्षात आल्याचं, तीनदा म्हटल्याचं, पहारेकरी का ठेवला त्याचंही. आवाज अगदी साधा होता, सभेतला नव्हता. मध्ये दोनदा पाणी प्याला. टाचणी भिंतीशी उभा होता. त्याने हात टेबलावरून कधीच उचलले होते, आणि आता ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. बाईची आई सगळं सांगून होईपर्यंत ऐकत राहिली आणि मग दादाजवळून जाताना थांबली. म्हणाली, त्या दिवशीच बोलला असतात तर? उत्तराची वाट न बघता ती जिना उतरून गेली.

दादाचं मंत्रिपद गेलं, पक्षाने हात वर केले, ‘वाजंत्री’ म्हणणाऱ्यांनी आता त्याहून वाईट नावं काढली. टाचणीला परत घेतलं. दादा गेलेल्या दोघांच्या घरी जाऊन आला. लॉरीवाल्याच्या घरी त्याला बसायला सांगितलं. दुसऱ्या घराचं दार उघडलं नाही, तेव्हाही आणि नंतर दर वर्षी तो जायचा तेव्हाही. कोर्टात काय झालं ते तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी बरोबर लिहिलं आहे, ते मी पुन्हा लिहीत नाही. पण ‘तांत्रिक चुकीमुळे पूल पडला’ ही जी ओळ त्या तिसऱ्या वर्तमानपत्राने आता छापली आहे, ती दादा असता तर त्याने स्वतः जाऊन दुरुस्त करून घेतली असती.

आणि सॅक्सोफोन. लोकांना वाटतं, उरलेली सतरा वर्षं त्याने मनसोक्त वाजवलं. त्याला वाजवताच येईना. बोटं तीच होती, फुंक तीच. पण सूर चुकला की तो थांबायचा. सॅक्सोफोन तोंडातून काढायचा, ‘चुकलं’ म्हणायचा, आणि पहिल्यापासून सुरू करायचा. जॅझमध्ये असं चालत नाही. डॉक्टरांनी वर्षभर कळ काढली, मग खांदा दुखतो म्हणून सांगितलं. बास वाजवणाऱ्याने काहीच सांगितलं नाही, नुसता यायचा बंद झाला. मी त्याला एकदा म्हटलं, अरे, वाजवण्यात कुणी मरत नाही, तिथे तरी जाऊ दे पुढे. तो म्हणाला, मला आता दोन्हींतला फरक करता येत नाही.

शेवटचं आम्ही दोघांनीच वाजवलं, खोक्यांच्या कारखान्याच्या जेवणघरात. पडलेल्या पुलाच्या जागी नवा पूल झाला होता, कामगारांनी दुपारचा नाच ठेवला होता, आणि दुसरं कुणी मिळालं नाही म्हणून आम्हाला बोलावलं होतं. टेबलं भिंतीला लावली होती. दहा-बारा जोडपी नाचत होती. टाचणी, आता निवृत्त, दाराजवळच्या खुर्चीत बसला होता, मांडीवर टोपी ठेवून. तिसऱ्या मिनिटाला दादाची टाच वर राहिली. तो थांबला. “चुकलं,” म्हणाला. जोडपी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून तशीच उभी राहिली. त्याने पहिल्यापासून सुरुवात केली, त्याच जागी आला, आणि पुन्हा चुकला. कुणीतरी हसलं. सतराव्या वर्षी त्याला पळवून लावणारं तेच हसणं.

दादा पळाला नाही. त्याने ओठ पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. मी पट्ट्यांवर हात ठेवून बसले होते. तसाच पुढे जा, हे त्याला सांगणारी आता मी नव्हते. तो तिसऱ्यांदा पहिल्यापासून निघाला, आणि मी त्याच्यामागून.